खिशातल्या पत्रिका

बोळिंजला आमच्या डीटीपीच्या दुकानाशेजारी कॉम्प्युटर क्लास घेणाऱ्या बाईंमुळे माझी नोकरी टिकली, हे आधी सांगतो. मी आठवीत शाळा सोडून परभणीहून आलेला, दुकानात लग्नपत्रिका टाइप करायचो. व्हायरस आला म्हणून मालकाने मला न विचारता मशीन फॉरमॅट केलं. तपासलेल्या सगळ्या पत्रिका गेल्या. घाईत परत टाइप करताना एका नवरीच्या मामाचं नाव सुटलं.

“आठवीवाल्याला बसवलं, अजून काय होणार!” मालक गिऱ्हाइकासमोर म्हणाला. “परत चुकलास तर गावाला जा.”

आजही आठवलं की डोकं तापतं.

बाईंनी पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकटची सिस्टीम, टाकायला शिकवलं. मशीन त्यावरूनच सुरू करायचं, मराठी कीबोर्डही त्यातच. दिवसभर पत्रिका केली, मशीन बंद करून पुन्हा लावलं, तर सगळं कोरं. घाबरत बाईंकडे गेलो.

“सेव्ह करायला पेनड्राइव्हवर जागा राखलीस का?”

“नाही.”

“मग राहील कुठे, बाळा? परत कर. मी हात लावणार नाही.”

या वेळी राखली. मालकाने पुन्हा मशीन फॉरमॅट केलं, तेव्हा माझ्या पत्रिका खिशात होत्या. तरी आपली चूक झाली असं त्याच्या तोंडून निघालं नाही.

बाई, तुमच्या मुलीचं लग्न ठरलं की पत्रिका मीच करणार. एकही मामा सुटणार नाही.