बर्फावरची राख

ऐका तर! त्या रविवारी सकाळी बरोबर दहा वाजून पाच मिनिटांनी मी माझी सगळी अक्कल बर्फावर सांडली. हसू नका, आधी पुरतं ऐका.

माझे सासरे, म्हणजे बाबा, पासष्टीचे. तरुणपणी दुबईला बर्फाच्या स्केटिंगच्या हॉलमध्ये साफसफाईला होते, तिथंच शिकले. अजूनही महिन्यातून एकदा पोलादपूरहून एसटी धरून नवी मुंबईच्या एका मॉलमध्ये बर्फावर जातात. महिन्यातल्या एका रविवारी सकाळचा तास तिथं म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा एकत्र. "माझ्या गुडघ्याला हेच औषध हाय," म्हणतात.

या वेळी माझी सहा वर्षांची तनू हटून बसली, आजोबांबरोबर जायचंच! मग माझी कुठली झोप? मी बाबांना अट घातली, "एकदा जरी पडलात, तर तुमचं बंद आणि हिचंही बंद!"

"पडलो तर बूट विकून टाकीन गो!"

आता मला सांगा, पावसात पायऱ्या शेवाळल्या की आपण काय करतो? चुलीतली राख टाकतो. मग बर्फ काय वेगळा? चपात्यांच्या डब्याखाली पिशवीभर राख नेली होती मी!

आजोबा-नात हात धरून लांबच्या टोकाला गेली तशी मी बर्फाभोवतीच्या कठड्याच्या दारातून हात घालून वळणावर राख पसरली. छान, जाडसर.

बाबा वाऱ्यासारखे आले. राखेवर बुटाची पाती जागच्या जागी थांबली, बाबा मात्र पुढेच! धाडकन! त्यांच्यावर तनू, तनूवर एक आजी, आजीवर दोन पोरं.

शिट्टी वाजवत तिथला राखणदार आला. "ही माती कुणी टाकली?"

"माती नाय हो," मी अभिमानानं म्हटलं, "राख हाय. चाळलेली!"

झालं! सगळ्यांना बाहेर काढलं. ती आजी कपडे झटकत म्हणाली, "अगं बाई, महिनाभर या तासाची वाट बघते मी!"

लागलं कुणालाच नव्हतं. पण मी गप्प बसेन तर ना? "बाबा, पडलात! विका आता बूट."

"बर्फावर कुठं पडलो गो? राखेवर पडलो. मग बंद कोणाचं?"

तनू टुणकन म्हणाली, "आईचं!"

तेव्हापासून ती दोघं मजेत आत जातात. मी बाहेर बाकावर. दारावरचा माणूस माझा चपात्यांचा डबासुद्धा उघडून बघतो.

तर बायांनो, महाडपासून कुडपणपर्यंत जी कोणी पोरांना घेऊन बर्फावर निघेल, तिला एवढं नक्की सांगा: राख घरच्या पायरीवरच ठेव. आणि माझं नाव तेवढं सांगू नका!