भेकरदऱ्याचं गायरान आणि फुलाबाईचा अर्ज

फुलाबाईनं पोटच्या पोराविरुद्ध अर्ज केला, ही गोष्ट वेल्ह्याच्या बाजारात अजून निघते. सांगणारा बहुतेक अर्धीच सांगतो. म्हातारी खुनशी, एवढं सांगून चहाचा कप खाली ठेवतो. खुनशी ती होतीच, पण तशी ती जन्माला आली नव्हती.

भेकरदरा हे वेल्ह्याच्या वरच्या अंगाचं, नव्वद उंबऱ्यांचं गाव. गावाच्या डोक्यावर चाळीस एकरांचा माळ, तेच गायरान. कुणा एकाच्या नावावर नसलेली, सगळ्या गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. माळावर उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं दिसतं. गावाला त्या पाण्याचं कधी कौतुक वाटलं नाही, पण पुण्याची माणसं शनिवार-रविवार ते बघायला येऊ लागली आणि माळाला गिऱ्हाईक आलं.

फुलाबाईचं वय साठीच्या पुढं. उंच, काटक, बोलायला कमी. नवरा आनंदराव जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात मुलगा सोपान, सून रत्ना, एक नात. गोठ्यात चार गाई आणि दोन म्हशी. सकाळी दूध डेअरीवर गेलं की ती भाकरी बांधून गुरं माळावर काढायची, ती दिवस कलल्यावर उतरायची. चाळीस वर्षं तिचा हाच शिरस्ता. माळावर कुठल्या झुडपात तित्तर बसतो आणि उन्हाळ्यात कुठल्या खाचेत गवत हिरवं राहतं, हे तिला घरातल्या डब्यांसारखं ठाऊक होतं.

सोपान त्या साली ग्रामपंचायतीवर निवडून आलेला. सरपंच धरून सात जण. आनंदरावांच्या पुण्याईवर मतं पडली असं गाव म्हणायचं, आणि फुलाबाईलाही ते खरं वाटायचं. सरपंच झाला धनाजी, तिच्या चुलत दिराचा मुलगा. त्याची आई आजारी असताना दोन वर्षं तो फुलाबाईच्याच ताटात जेवलेला. अजून रस्त्यात भेटला की 'काकी' म्हणून वाकायचा.

एके दिवशी डेअरीवरून येताना तिला पंचायतीच्या फळ्यावर कागद दिसला. चौथीपर्यंत शिकलेली ती, अक्षराला अक्षर जोडत वाचायची. कागदावर लिहिलं होतं: गावात आता चरणारी जनावरे उरलेली नाहीत, सबब गायरानाची गावास गरज नाही, सदर जमीन पर्यटन प्रकल्पास देण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. हातातल्या रिकाम्या किटलीला अजून दुधाचा वास होता.

घरी येऊन तिनं सोपानला विचारलं, "कुणी कुणी हात वर केला रं?"

सोपान जेवत होता. "आये, कंपनी मोठी हाय. पोरांना कामं मिळत्याल."

"म्या कामाचं न्हाई इचारलं."

"तिघं व्हय म्हणाले, तिघं न्हाई म्हणाले." तो भाकरीचा तुकडा मोडत बसला. "सातवा म्या."

"आन् तू काय म्हणालास?"

सोपाननं ताटात आणखी कालवण ओतून घेतलं. रत्ना चुलीपाशी होती, तिनं मान खाली घातली. फुलाबाईला कळायचं ते कळलं. तिच्या सहा जनावरांचं दूध विकून ज्याच्या प्रचाराचा टेम्पो फिरला होता, त्यानंच गावात जनावर नाही म्हणून हात वर केला होता.

तेव्हाही ती सुडाच्या वाटेला गेली नव्हती. साधी विचारायला गेली. जिल्हा परिषदेचा सदस्य एका लग्नात भेटला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, ते आमदारसाहेबांच्या हातात." आमदार सभामंडपाच्या उद्घाटनाला गावात आले, तेव्हा ती माळावरून तशीच, हातात काठी घेऊन बायकांच्या पुढं येऊन उभी राहिली.

"सायेब, एकच इचारते. गायरान गावाचं ऱ्हायचं का न्हाई? व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

आमदार हसले. विकास, रोजगार, तालुक्याचं नाव, असं बरंच बोलले. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ह्यात व्हय कुठं हाय आन् न्हाई कुठं?"

लोक हसले. आमदारांनी धनाजीकडं पाहिलं आणि म्हणाले, "हे बघा आजी, ग्रामपंचायतीनंच ठराव दिलाय. लोकांनी निवडून दिलेल्यांचा मान आम्हाला ठेवावाच लागतो."

गाडीत बसेपर्यंत त्यांनी पुन्हा तिच्याकडं पाहिलं नाही. धनाजी मात्र मागं राहिला. "काकी, माणसांत बोलायचं तर आधी मला इचारत जा," एवढंच म्हणाला, हळू आवाजात, पण वाकला नाही.

सरकारची मंजुरी अजून यायची होती तरी कंपनीनं माळाला तारेचं कुंपण घालायला सुरुवात केली. खांबांसाठी खड्डे खणले, काटेरी तारेची भेंडोळी गवतात टाकून दिली. फुलाबाईची चांदी नावाची गाय सात महिन्यांची गाभण होती. गवताच्या नादात ती भेंडोळ्यात शिरली, बुजली, आणि जितकी सुटायला बघेल तितकी गुरफटत गेली. फुलाबाई धावली. उघड्या हातांनी तार ओढताना तिचे तळवे फाटले. पुढचा पाय हाडापर्यंत चिरलेला होता. गुरांचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी चांदी गेली, पोटातल्या वासरासकट.

धनाजी घरी आला नाही. सोपान गाईकडं बघून म्हणाला, "आये, जाऊ दे. दुसरी घिऊ."

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. पण त्या शब्दांनी फुलाबाईच्या आत काहीतरी कायमचं थिजलं. गाय पुरल्यावर ती विहिरीवर गेली, हातावरच्या पट्ट्या भिजू न देता तोंड धुतलं, आणि त्या दिवसापासून सोपानला ताट वाढणं तिनं बंद केलं. ते काम रत्नाकडं गेलं.

चेलाडी फाट्यावर गाडी बदलून ती भोरला पोचली. भोरच्या कोर्टात प्रेरणा वकिली करायची. भेकरदऱ्याच्याच बौद्धवाड्यातली मुलगी, रोज एसटीनं शाळेला जाऊन शिकलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं, ठरावाचा मोबाईलवर काढलेला फोटो वाचला, आणि मग जे बोलली ते फुलाबाईला अपेक्षित नव्हतं.

"मावशी, एक विचारू? माझ्या वडिलांनी समाजमंदिरासाठी याच गायरानात दोन गुंठे मागितले होते. तेव्हा धनाजीच्या वडिलांनी सांगितलं, गायरानाला कुणी हात लावायचा न्हाई. आनंदरावकाका शेजारीच बसले होते. तुम्हीही होता."

फुलाबाईनं पदराशी चाळा केला नाही, नजरही चुकवली नाही. "व्हते," ती म्हणाली. "बोलले न्हाई म्या. चुकलं."

प्रेरणानं कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. "ठरावाला आव्हान देता येईल, पण त्याला वर्षं जातील. दुसरी एक वाट आहे. ज्या सदस्यानं, किंवा त्याच्या घरच्यांनी, सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलंय, त्याचं सदस्यपद जातं. धनाजीचं काही आहे का?"

फुलाबाईच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "हाय की. माळाच्या कडंला पत्र्याचं गोडाऊन बांधलंय. सिमिटाची पोती ठिवतो त्यात."

"मग अर्ज होतो. पण मावशी..." प्रेरणा अडखळली. "तुमचा गोठा?"

गोठा आनंदरावांनी बांधलेला. घरामागं जागा पुरेना म्हणून मागची भिंत गायरानात आठ-दहा हात सरकवलेली. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"धनाजी पहिल्या सुनावणीला तेच दाखवणार," प्रेरणा म्हणाली. "म्हणून आज घरी जा आणि गोठा आपल्या हद्दीत घ्या. पुरावा राहिला नाही की सोपानला झळ लागणार नाही. आपण अर्ज फक्त धनाजीवर करू."

फुलाबाई बोटांवर सदस्य मोजू लागली. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"एकटा धनाजी गेला तर किती उरत्यात?"

"सहा. तीन आणि तीन. ठराव रद्द होईलच असं नाही."

"आन् सोपानबी गेला तर?"

प्रेरणानं पेन खाली ठेवलं. "तर पाच. तुमच्या बाजूचे तीन. पण मावशी, पोराचं नाव जाईल. गावात तोंड दाखवायला..."

"माझ्या चांदीला तोंड व्हतं," फुलाबाई म्हणाली. "अर्जात दोन नावं लिव्ह. गोठा जागचा हलणार न्हाई. पंचनामा हुईस्तवर त्येचा येक वासाबी म्या काढणार न्हाई."

"दोन दिवस विचार करा."

"चाळीस वरसं त्या माळावर विचारच केलाय. लिव्ह."

तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा सगळं गाव गोळा झालं. धनाजीच्या गोडाऊनची मापं झाली. मग तलाठी फुलाबाईच्या दारात येऊन चाचरला. "आजी, अर्जदार तुम्ही, आणि हे अतिक्रमणही तुमचंच. असं लिहू?"

"व्हय, माझंच. टेप हिकडनं धरा, तिथनं कमी भरतंय," म्हणून तिनंच टोक धरलं.

सोपान अंगणात उभा होता. "आये, पोटच्या पोराला खाती का तू?" तो किंचाळला.

ती त्याच्याकडं वळली. चांदी गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती. "तुला म्या वाढवला दूध इकून. त्या दुधाला तू न्हाई म्हणालास, कागदावर. आता कागदावरच फेड."

पंचनाम्यानंतर धनाजी दोनदा घरी आला. पहिल्यांदा गोडीनं, वाकून. तेव्हा तिनं त्याला पाणीही विचारलं नाही. दुसऱ्यांदा तो दारातूनच म्हणाला, "काकी, घरातलं भांडण बाहेर न्हेलंस. लोक थुंकत्याल तुझ्यावर."

"थुंकू देत," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर पडायचं ऱ्हायलंय, तेवढं बघून मग मी पुसीन."

तारखा पुण्याला कलेक्टर कचेरीत पडत होत्या. ती प्रत्येक तारखेला गेली. धनाजीचा वकील आजारी पडला, फाइल सापडेनाशी झाली, साहेब दौऱ्यावर गेले. ती बाकावर बसून भाकरी खायची आणि परत यायची. तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक तारखेला धनाजीचा शर्ट जास्त चुरगळलेला असतो. कंपनीची गाडी आता त्याच्या दारात थांबत नव्हती. हे बघायला मिळतं म्हणून तर ती जायची. तिला ते गोड लागायचं, आणि तिनं ते कुणापाशी लपवलं नाही.

चौदा महिन्यांनी निकाल आला. धनाजी आणि सोपान, दोघंही अपात्र. पुढच्याच महिन्यात उरलेल्या पाच जणांची सभा बसली आणि जुना ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. वरच्या कचेरीत प्रकल्पाचं काय व्हायचं ते अजून व्हायचंच आहे, पण गावाची ना-हरकत नाही म्हटल्यावर कंपनीनं तारेची भेंडोळी उचलून नेली. आमदारांनी दुसऱ्या गावच्या एका भाषणात सांगितलं, की गायरान वाचलं पाहिजे अशी त्यांची पहिल्यापासूनची भूमिका होती. प्रेरणानं ती बातमी फुलाबाईला वाचून दाखवली तेव्हा म्हातारी एवढी हसली, की तिला ठसका लागला.

निकालाच्या आठवड्यातच तिनं गोठ्याची मागची भिंत पाडली. पहार घेऊन एकटीनं, दगड न् दगड. आनंदरावांनी घातलेला सागवानी वासा खाली आला तेव्हा ती जरा टेकली. मग उठून पुन्हा कामाला लागली. जागा कमी पडली म्हणून एक म्हैस विकावी लागली.

सोपान बायको-पोरीला घेऊन भोरला गेला. तिथं तो आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. गावाकडं फिरकत नाही. दिवाळीच्या आधी रत्ना एकटी आली, भाताच्या झोडणीला हात लावायला. दोघी सासू-सुना दिवसभर खळ्यात राबल्या. दुपारी सावलीत बसल्यावर रत्नानं विचारलं, "आत्या, कधी वाटत न्हाई का, जरा जास्तच झालं?"

फुलाबाईनं कांदा फोडला. "जेवताना वाटतं. पोरगी मांडीवर नसती तेव्हा वाटतं. पण पुन्यांदा वेळ आली तर पुन्यांदा हेच करीन. आन् तू त्येला हे असंच सांग, गोड करून सांगू नगंस."

रत्नानं तिच्यापुढं चटणी सरकवली. मग म्हणाली, "धनाजीभाऊजी पुढच्या निवडणुकीला बायकोला उभी करणार म्हणं. कंपनीवालं पुन्हा भेटायला लागल्यात."

फुलाबाईचा घास हातातच थांबला. सुनेला वाटलं म्हातारी घाबरली. पण तिच्या डोळ्यांत जे आलं होतं ते भय नव्हतं.

"तिच्या नावानं ओढ्याकाठाला काय बांधलंय म्हणतात, ते खरं का गं?" तिनं विचारलं. "आन् ती जमीन कुणाची?"

"मला न्हाई ठावं."

"इचारून ठिव," म्हणून फुलाबाईनं घास तोंडात घातला आणि सावकाश चावत माळाकडं बघत राहिली. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं ती भोरला प्रेरणाकडं गेली.