वाटाण्याच्या जाहिरातीतला हात

खर्र... धप्प! सांगलीच्या छापखान्यात कागद कापायचं मशीन असा आवाज करायचं. चाळीस वर्षं ऐकला. आता परदेशात, हेन्डरसनला मुलीकडे राहतो. घर शांत. पण दर गुरुवारी इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये जुन्या मासिकांची खोकी उघडायला जातो, आणि किस्से इतके साठतात की घरी येऊन बायकोला सांगेपर्यंत निम्मे विसरतो. म्हणून लिहून ठेवतोय. चौथी शिकलेल्या माणसाचं लिखाण आहे, सांभाळून घ्या.

आम्ही पाच जण. जोशीकाकू, पुण्यात इंग्रजी शिकवायचे ते आपटे सर, मी, आणि हॉलचा कारभार बघणारी बेरिल. गोरी आजी, ऐंशीच्या पुढची. पाचवा तिचा मोठा भाऊ कॉलिन, तो आम्हाला चहा करून देतो. लोकांनी दिलेल्या मासिकांतून फ्रोझन फूडच्या जुन्या जाहिराती काढायच्या आणि फ्रेम करून प्रदर्शन मांडायचं, हे आमचं काम.

बेरिलला त्यातली एकच जाहिरात हवी होती. तरुणपणी ती फोटो स्टुडिओत नोकरीला होती. एके दिवशी ठरलेली मॉडेल आलीच नाही, तेव्हा वाटाण्याच्या जाहिरातीत हिचा हात घेतला. चमचा धरलेला, नुसता हात! कॉलिन साठ वर्षं म्हणतोय, "येस डिअर, अँड आय वेन्ट टू द मून." मरायच्या आधी एकदा त्याला ते पान दाखवायचं, एवढीच तिची इच्छा.

*

पहिल्याच महिन्यात जोशीकाकूंनी जाहिरातींचे दोन गठ्ठे केले. सरांना वाटलं, सालाप्रमाणे लावले असतील.

"छे! हा व्हेज, तो नॉनव्हेज. कोंबडीच्या डोक्यावर मटार ठेवू होय?"

"काकू, कागद आहे हो तो!"

"असू दे. बघून तोंडाला पाणी सुटतं ना? मग!"

फिश फिंगर मात्र त्यांना बटाट्याच्या काड्या वाटल्या, त्या तीन आठवडे व्हेजमध्येच होत्या. सरांनी खालचं नाव वाचून दाखवलं, तेव्हा काकू आधी हात धुऊन आल्या.

प्रदर्शनात भिंतीही दोनच झाल्या. बेरिल येणाऱ्या प्रत्येकाला इथला माओरी नमस्कार करून ऐटीत सांगते, "कीया ओरा! धिस इज अवर व्हेज वॉल!"

*

एका जाहिरातीतले वाटाणे इतके हिरवेगार, की मी ते पान घरी दाखवायला नेलं. बायकोने त्यावर बोट ठेवून मुलीला सांगितलं, "असले आण."

मुलगी नर्स आहे. ड्यूटी संपवून बिचारी पार सँडरिंगहॅमपर्यंत तीन दुकानं फिरली. बायको पिशवी बघून म्हणाली, "फिके आहेत."

मी म्हटलं, "अगं, तो रंग वाटाण्याचा नाही, छापखान्याचा! मी आयुष्यभर ब्रश घेऊन हेच केलं."

"मग बसा आता स्वयंपाकघरात ब्रश घेऊन!"

*

एकदा कव्हर नसलेलं मासिक आलं. साल कुठेच नाही. सर तासभर मजकूर वाचत बसले. मी पान चिमटीत धरलं, वास घेतला, पिना बघितल्या.

"सर, हे मागे आलेल्या त्या निळ्या कव्हरवाल्या अंकाच्या आधीचं."

"कशावरून?"

"ह्यात रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. पुढे त्यांनी मशीन बदललं."

सर हसले. दोन आठवड्यांनी त्याच अंकाची दुसरी प्रत निघाली, कव्हरसकट. निळ्याच्या दोन वर्षं आधीची! सरांनी सगळ्यांसमोर स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा, प्रोफेसर."

घरी नातीला सांगितलं. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "आजोबा, यू आर अ लेजंड!" अर्थ विचारला नाही. तिच्या तोंडावरूनच कळला.

*

परवाच्या गुरुवारी ते पान सापडलं. पांढरी बशी, वाटाणे, चमचा धरलेला हात.

"दॅट्स मी," बेरिल म्हणाली आणि उभीच राहिली.

कॉलिन ट्रे ठेवून आला. त्याने तिचा उजवा हात उचलून फोटोशेजारी ठेवला. बेरिलची करंगळी वाकडी आहे. बेरिल सात वर्षांची असताना करंगळी गोठ्याच्या फाटकात सापडली होती. बेरिल म्हणते, फाटक कॉलिनने आपटलं. कॉलिन म्हणतो, वाऱ्याने लागलं.

फोटोतली करंगळी सरळ, देखणी.

"नॉट यू, डिअर," तो म्हणाला. हळू म्हणाला, म्हणून तिला जास्तच लागलं. तिने पान पालथं घातलं.

मला राहवेना. पान खिडकीपाशी नेलं, भिंग लावलं. बाईच्या गालावरचा मस, शेटजींचं टक्कल, सगळं आम्ही छापायच्या आधी फोटोवर ब्रशने झाकायचो. ह्या करंगळीवरही ब्रश फिरला होता. काम सुरेख, माझ्यापेक्षा चांगलं. पण कारागीर घाईत होता.

"सर, त्यांना सांगा, बोट बघू नका. बशीवरची सावली बघा."

सरांनी इंग्रजीत सांगितलं. सगळे वाकले. बोट सरळ केलं होतं, सावली वाकडीच राहिली होती!

काकूंनी टाळी वाजवली. बेरिलने आपली करंगळी अलगद त्या सावलीशेजारी टेकवली. तोच बाक, तिथेच.

कॉलिनने माझ्याकडून भिंग घेतलं. आधी सावली बघितली, मग तिचं बोट, मग पुन्हा सावली. भिंग माझ्या हातात परत दिलं. एप्रन सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि बेरिलची नजर चुकवत, मान खाली घालून दाराबाहेर निघून गेला.