परदेशी लोकांची रांग

भावाचा फोन आला तेव्हा मी आगाशीला आमच्या अंगणात राजेळी केळी उलटत होते. पाऊस संपून ऊन कडक झालं की आमच्याकडे सुकेळी घालतात. पिकलेली केळी सोलून बांबूच्या चटईवर मांडायची, दिवसातून दोनदा उलटायची, संध्याकाळी उचलून घरात घ्यायची, असं आठवडाभर. हात चिकट होते, म्हणून कोपराने स्पीकर लावला.

पलीकडून आधी वारा ऐकू आला आणि मग तो. "ताई, आज माझी बोटं घेतली. चोराची घेतात तशी. उजव्या हाताची चार."

हा माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. बत्तीस वर्षं इंग्लंडात आहे, एका इस्पितळात लिफ्टची आणि विजेची कामं बघतो. लग्न केलं नाही. मोटरसायकल तेवढी सोडली नाही. दर ऑक्टोबरला रजा काढतो, गाडी बोटीत चढवतो, स्पेनच्या बंदरात उतरतो आणि तिथून पोर्तुगालमधल्या एका खेड्यात जाऊन राहतो. का, तर म्हणे ते आपल्या पापडीसारखं, वसईजवळच्या आमच्या माहेरच्या गावासारखं दिसतं. पांढरं चर्च, विहिरी, वाड्यांना दगडी कुंपणं, दुपारी सामसूम. तिथून मला फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, 'बघ, आपली गल्ली.' मी लिहिते, 'आपली गल्ली एवढी झाडलेली कधी होती?'

वरवर थट्टा करायची, पण आतून मला तो फोटो बोचायचा. पापडीत जन्मलेल्या माणसाने पापडी बघायला पोर्तुगालला जायचं म्हणजे काय? खरी पापडी कुठे पळून गेली होती? अकरा वर्षांत तो एकदाही इकडे फिरकला नव्हता. फोन मात्र दर रविवारी. तो हवामान सांगायचा, मी केळी किती उतरली ते सांगायचे. ये असं मी कधी म्हटलं नाही आणि येतो असं तो कधी म्हणाला नाही.

मोटरसायकलचं वेड त्याला आमच्या वडिलांच्या गाडीपासून लागलं. वडील तिच्यावर पानाच्या आणि फुलांच्या करंड्या बांधून वसईच्या बाजारात जायचे. माझं लग्न होऊन मी आगाशीला आले तेव्हा दिवाळीला मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून हाच आला, वडिलांची गाडी घेऊन. आळीतल्या इतर सुनांचे भाऊ एसटीने यायचे. माझा भाऊ फाटकाशी उभा राहून हॉर्न वाजवायचा आणि सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मी एका बाजूला पाय घेऊन मागे बसायची, मांडीवर सुकेळ्यांचं पुडकं. निर्मळच्या रस्त्याला लागलो की तो विचारायचा, "सरळ घरी की लांबून?" मी लांबून म्हणायची. माहेरी जाण्यापेक्षा मला तो लांबचा रस्ताच जास्त आवडायचा, हे आईला कधी कळू दिलं नाही.

तर त्या दिवशी बंदरावर काय झालं ते तो सांगत होता. पूर्वी म्हणे काहीच नसायचं. हेल्मेटची काच वर करायची, लाल पासपोर्ट दाखवायचा, की निघाला. मधल्या काही वर्षांत, इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, शिक्का मारायला लागले, तेवढंच. आता नवीन यंत्रं बसवलीत. इंग्लंडचा पासपोर्ट असलेल्यांनी गाडीवरून उतरायचं, हेल्मेट काढायचं, हातमोजे काढायचे, कानातले बोळे काढायचे, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि बोटं द्यायची. बाहेर पाऊस, बोटं गारठून बधिर झालेली, मागे पंचवीस-तीस मोटरसायकलवाले ताटकळत उभे आणि यंत्र काही याची बोटं घेईना.

"मग मला तू आठवलीस," तो म्हणाला.

मी आठवायचं कारण आमचं रेशनचं दुकान. चिकाने आणि सुरीने माझ्या बोटांच्या रेघा पार गुळगुळीत झाल्यात. दुकानात अंगठा लागत नाही. तिथे आम्हा बायकांचा एक उपाय आहे. अंगठा केसांवरून फिरवायचा, तेल लागतं, मग यंत्र घेतं. हे मी त्याला कधीतरी हसत सांगितलं होतं. त्याने तेच केलं. फक्त त्याच्या डोक्यावर आता केस नाहीत, म्हणून चारी बोटं टकलावरून फिरवली. खिडकीतल्या बाईला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. तिने पासपोर्ट परत पहिल्या पानापासून चाळला. पण पुढच्या खेपेला हिरवा दिवा लागला.

मी इतकी हसले की आतून सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. तो हसला नाही.

"पुढे ऐक. मग विचारतात, किती दिवस राहणार, कुठे, कोणाकडे. मी घरमालकिणीचा पत्ता सांगितला. ते सगळं आत जातं. आता यंत्र दिवस मोजतं, ताई. सहा महिन्यांत तीन महिने. एक दिवस जास्त झाला तर पुढच्या वेळी दारातच अडवतील."

"तू तर तीन आठवडे राहतोस. तुला काय त्याचं?"

तेव्हा त्याने सांगितलं. दोन वर्षांनी तो निवृत्त होणार. त्या खेड्यात एक लहानसं घर भाड्याने घेऊन कायमचं तिथेच राहायचं त्याने मनात धरलं होतं. नियम आधीपासून होता, पण शिक्के कोण मोजत बसतंय, या भरवशावर तो होता. आता भरवसा संपला. मी केळी उलटायची थांबले. म्हातारपण काढायला याने गाव शोधलं, तेही मला न सांगता, आणि मी त्याची सख्खी बहीण इथे चटईपुढे उकिडवी बसलेय. माझा राग उफाळून आला.

"मग इकडे ये की," मी म्हटलं. "इथे तुझी बोटं कोणी मागणार नाही. दिवसही कोणी मोजणार नाही."

"तिथेही घेतात, ताई," तो म्हणाला. "मुंबईला. परदेशी लोकांच्या रांगेत. मागच्या वेळी घेतली होती."

मागच्या वेळी म्हणजे आई गेली तेव्हा. मी त्याला पहाटे फोन केला होता. दुसऱ्या दिवशी येईल म्हणून आम्ही त्या दुपारपर्यंत थांबलो. शेवटी अग्नी चुलतभावाने दिला. हा पाचव्या दिवशी पापडीच्या घराच्या पायरीशी येऊन उभा राहिला. ओटीवर सगळं गोत बसलं होतं. त्या सगळ्यांच्या देखत मी आत वळून म्हटलं, "पाहुणे आलेत. पाणी द्या त्यांना." त्याने पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायला आणि भांडं पालथं घातलं. तेराव्यानंतर गेला तो गेलाच. पुढे ते घर वाडीसकट विकलं, त्याच्या सह्यांचे कागद कुरियरने आले.

"तुला यायला पाच दिवस लागले ते..." मी विचारलं.

"व्हिसा. मधे शनिवार-रविवार आला. आणि भारताचा जुना पासपोर्ट मी रीतसर परत केला नव्हता, ते आधी करायला लावलं. अर्जात लिहायचं होतं, येण्याचं कारण. मी लिहिलं, आई. खिडकीतला माणूस म्हणाला, असं नाही चालत, यातलं एक निवडा."

मला वाटायचं त्याच्याकडे दोन्ही पासपोर्ट असतील. आपल्याकडे दोन चालत नाहीत हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं कोणाचा भाऊ तिथे, कोणाचा मुलगा तिथे, असं ऐकत आले, पण घरी येण्यासाठीही कोणाला अर्ज करावा लागत असेल हे कधी डोक्यातच आलं नाही. आणि त्याने आपला सोडून तिकडचा पासपोर्ट घेतला कशासाठी? मोटरसायकलसाठी. आपल्या पासपोर्टवर युरोपात जायचं तर दर वेळी कागदांची चळत. तिकडच्यावर काच वर केली की झालं.

"तेव्हा का नाही बोललास?"

"काय बोलू? गाडी फिरवायला मिळावी म्हणून आपला पासपोर्ट सोडला आणि म्हणून आईला पोचवायला आलो नाही, असं? त्या ओटीवर?"

त्या दिवशी केळी उचलायची राहिली, ती सासूबाईंनी उचलली. आई गेली त्या वर्षापासून दर भाऊबीजेला मी संध्याकाळी चंद्राला ओवाळते. पहिल्याच वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, "भाऊ नसंल तिनं चंद्राला ओवाळायचं. तुला हाय ना?" तरी मी हट्टाने ओवाळत राहिले. त्याला शिक्षा करत होते बहुतेक. शिक्षा कसली, मीच झुरत होते.

पुढच्या रविवारी मीच फोन केला. व्हिसाची कटकट नको म्हणून आयुष्यभराचं एक कार्ड मिळतं, असं तो म्हणाला. त्यासाठी इकडे जन्मल्याचा, शिकल्याचा कागद लागतो. त्याचे जुने कागद पापडीचं घर रिकामं करताना गेले. म्हणून मी त्याच्या शाळेत गेले, दाखला मागायला.

कार्यालयातला क्लार्क तरुण होता, बोलायला चांगला. "मॅडम, दाखला स्टुडंटला नाहीतर जवळच्या नातेवाइकाला. तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण."

त्याने आधार कार्ड मागितलं, पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. आडनाव सासरचं, मधलं नाव नवऱ्याचं, ते ठीकच. पण आमच्यात लग्नात पहिलं नावही बदलायचे, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. त्या कार्डावर मी त्याची कोणी लागत नव्हते. "असं कसं करू मॅडम, काहीतरी प्रूफ तो लगेगा ना."

घरी येऊन कपाट धुंडाळलं. कागद एकही नाही. सापडला तो लग्नातला एक फोटो. कानपिळीचा. माझा भाऊ नवऱ्याचा कान पिळतोय, जरा जास्तच जोरात. नवऱ्याचं तोंड वाकडं झालंय आणि मी मुंडावळ्यांतून हसतेय. दुसऱ्या दिवशी तोच घेऊन गेले. म्हटलं, "कान पिळायला भाऊच लागतो. परका पिळेल का?"

क्लार्क खूप हसला. मग म्हणाला, "हा काय चालणार नाही. तुम्ही कुठल्या शाळेत होता?"

"ह्याच."

त्याने दोन वर्षांची रजिस्टरं काढली. माझं माहेरचं नाव, चार वर्षांनी त्याचं. बापाचं नाव तेच, आईचं तेच, राहणार पापडी, दोन्हीकडे. त्याने दोघांचे दाखले करून दिले. माझा मी मागितला नव्हता.

संध्याकाळी दाखल्याचा फोटो पाठवला आणि फोन केला. आधी मला म्हणायचं होतं तेच म्हटलं. "त्या दिवशी तुला पाहुणा म्हटलं ते चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोलले, ते फार चुकलं." तो नुसतं हूं म्हणाला. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"ताई, अर्जात एक रकाना आहे. भारतातला पत्ता." त्याने विचारलं, "तुझा टाकला तर चालेल का?"

स्पेनच्या बंदरावर अनोळखी बाईला परक्या घरमालकिणीचा पत्ता त्याने बेधडक सांगितला होता. माझा टाकण्यासाठी मात्र त्याने परवानगी मागितली. मी चालेल म्हटलं. मग घराचं नाव, आळी, आगाशी, तालुका, पिनकोड, सगळं त्याला सावकाश सांगितलं, आणि त्याने नीट लिहून घेतलंय का म्हणून परत वाचून दाखवायला लावलं.