बारीक आवाज

रोह्याच्या नदीकाठच्या बागेत दर रविवारी सकाळी एक गृहस्थ येत. वरसे गावचे, कंपनीतून निवृत्त झालेले. दोरीला दगड बांधून झाडावर फेकत, तिच्यामागून एरियलची तार वर ओढत आणि बाकावर डब्याएवढा रेडिओ ठेवून, कानाला हेडफोन लावून मोर्सची, म्हणजे जुन्या तारायंत्राच्या सांकेतिक भाषेची, टकटक सुरू करत. झिरोच्या बल्बाहून कमी विजेवर त्यांचे संदेश देशभर जातात, हे मला कुठे ठाऊक! मला माणूस संशयास्पद वाटला आणि मीच हवालदारांना घेऊन आलो.

"काय चाललंय इथे?" हवालदार दरडावले.

गृहस्थांनी मान वर न करता हात उंचावला. "दोन मिनिटं साहेब. लय बारीक आवाज हाय. आता सोडला तर परत गावायचा नाय."

हवालदार चक्क थांबले. गृहस्थांनी एकेक अक्षर वहीत उतरवलं, सावकाश उत्तर दिलं आणि मगच खिशातून हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला.

"कोण होतं?" हवालदारांनी विचारलं.

"केरळातली एक बाई. पहिलाच संदेश हाय म्हणाली. अक्षरं अडखळत व्हती तिची, टकटकीत कळतं."

मी पुढे झालो. "तक्रार माझी होती."

"व्हय, समजलं मला," ते म्हणाले आणि बाकावर सरकून त्यांनी हेडफोन माझ्यापुढे धरला. "बसा. ऐका."