बेडच्या बॉक्समधली बॅग

"साहेब, बॅग निघत नाहीये. बेडच्या बॉक्समध्ये आहे आणि वर अब्बा झोपलेत."

फोनवर रेहानाभाभी होत्या. सकाळचे पावणेसात वाजले होते. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि विश्रांतवाडीच्या पुढे नदीला खेटून असलेल्या त्यांच्या सोसायटीत ते शिरलं होतं. त्यांचा फ्लॅट तळमजल्यावर.

"पाणी कुठवर आलंय?"

"गुडघ्याच्या खाली. हॉलमध्ये खुर्च्या हलायला लागल्यात."

"भाभी, बॅग सोडा. दार उघडा आणि जिन्यात जाऊन ओरडा."

"पण तुम्हीच सांगितलं होतं ना, आधी बॅग, मग बाकीचं?"

सांगितलं होतं, मीच.

मी अग्निशमन दलातून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. घरी बसवेना, म्हणून सोसायट्यांमध्ये ट्रेनिंग द्यायला लागलो. आग लागली, पाणी आलं, भूकंप झाला तर घरातल्यांनी काय करायचं, एवढाच विषय. त्यातला लोकांचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे इमर्जन्सी बॅग. घर सोडायची वेळ आली तर उचलायची आणि निघायचं. औषधं, टॉर्च, शिट्टी, पाणी, सुका खाऊ, कागदपत्रांच्या झेरॉक्स. बॅग भरायला लोकांना मजा येते. फोटोही चांगला येतो. 'आधी बॅग, मग बाकीचं' हे वाक्य माझंच. लक्षात राहावं म्हणून सगळ्यांकडून तीन-तीनदा म्हणून घ्यायचो.

शब्बीरभाईंचं कुटुंब म्हणजे माझे आदर्श विद्यार्थी. शब्बीरभाईंचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. पहाटे चारला घर सोडायचे. घरी त्यांच्या पत्नी रेहानाभाभी आणि शब्बीरभाईंचे वडील, म्हणजे अब्बा. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजवी बाजू पूर्ण गेलेली. जागेवरून हलता यायचं नाही, पण जीभ शाबूत होती. मी गेलो की हाक मारायचे, "आग विझवणारे आले का? यांना चहा द्या, गार करून!"

ट्रेनिंगनंतर महिनाभराने मी घरोघरी तपासणीला जायचो. हातात चेकलिस्ट. बॅग भरली का? हो. औषधांची तारीख पाहिली का? हो. बॅग हाताशी आहे का? रेहानाभाभी म्हणाल्या, "एकदम हाताशी, अब्बांजवळच." मी हॉलमध्ये बसून शीरखुर्मा खात होतो. आतल्या खोलीत आजारी माणूस झोपलेलं, घरात बाईमाणूस, कशाला डोकवायचं? मी टिक केली. शेऱ्यात लिहिलं, 'उत्तम'.

पुण्यातल्या घरात 'जपून ठेवलंय' म्हणजे कुठे ठेवलंय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या घरी लग्नातली भांडी, जास्तीच्या गाद्या, सूटकेसमध्ये सूटकेस, सगळं बेडच्या बॉक्समध्ये आहे. वर प्लायची फळी, फळीवर गादी, गादीवर माणूस. काही हवं असेल तर आधी माणूस उठवायचा, मग गादी, मग फळी. चांगली वस्तू आम्ही वापरायला ठेवत नाही, ठेवायला ठेवतो. पस्तीस वर्षं लोकांच्या घरात शिरण्याची नोकरी केली आणि ही एक गोष्ट विचारायची राहिली.

त्या सकाळी आदल्या संध्याकाळची घोषणा सगळ्यांनी ऐकलेली होती. 'नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे.' सतर्क म्हणजे नेमकं काय करायचं, ते घोषणेत नसतं. शब्बीरभाई नेहमीसारखे चारला गेले. सव्वासहाला पार्किंगमध्ये पाणी आलं. भाभींना जाग होती. तेव्हा त्यांनी जिन्यात जाऊन हाक मारली असती, तर वरून चार माणसं आली असती आणि म्हातारबुवा कोरडे वर गेले असते. पण त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं. आधी बॅग.

अर्धा तास ती बाई एकटी त्या बेडशी झटत होती. मग मला फोन.

"बॅग गेली उडत," मी ओरडलो. "अब्बांना धरा. मी वरच्यांना फोन करतो."

"थांबा साहेब, एक बाजूची फळी उचलली आहे, हात पोचतोय..."

मग धप्पकन आवाज आला आणि फोन बंद झाला.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा, जोशींचा, नंबर माझ्याकडे होता. त्यांनी दुसऱ्या रिंगला उचलला. "जोशी, तळमजल्यावर शब्बीरभाईंकडे जा. तीन माणसं घेऊन जा. आत्ता."

"अहो, पण वीज बंद करायला इलेक्ट्रिशियनला..."

"मेन स्विच तुम्हीच पाडा आणि पळा!"

जोशी पळाले. एरवी तक्रार-वहीत सही केल्याशिवाय न हलणारा माणूस, पण त्या दिवशी पळाला. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मी स्कूटर अलीकडच्या चौकात टाकली आणि उरलेलं पाण्यातून गेलो. पोचलो तेव्हा आत कमरेइतकं पाणी होतं. फळी उचलताना गादी तिरकी झाली होती आणि अब्बा बेड आणि भिंत यांच्यामध्ये घसरले होते. भाभी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी पाण्याच्या वर धरून उभ्या होत्या. जोशी आणि तिघं अब्बांना काखेत हात घालून ओढत होते. लकवा झालेलं शरीर असं निघत नाही, हातातून सुटतं.

बेडच्या कठड्यावर सोलापुरी चादर होती. ती अब्बांच्या खालून सरकवली, दोन्ही बाजूंनी गुंडाळत आणली, गुंडाळीवर दोन-दोन माणसांची पक्की पकड. 'एक, दोन, उचला.' याला चादरीची उचल म्हणतात. शिकायला पाच मिनिटं लागतात आणि सामान शून्य. आम्ही त्यांना पहिल्या मजल्यावर नेलं. वेळ लागला जेमतेम चार मिनिटं. माझ्या ट्रेनिंगमध्ये ही उचल शेवटून दुसरी होती. तोवर निम्मे लोक घरी गेलेले असायचे.

अब्बांच्या छातीत घरघर होती. मी कुशीवर वळवलं, तोंडातलं गढूळ पाणी काढलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द आला नाही.

आमच्या दलाच्या बोटीने त्यांना हलवलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, घाण पाणी फुफ्फुसात गेलंय. चौथ्या दिवशी ते गेले.

जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला गेलो. शब्बीरभाईंनी माझे हात धरले. "अल्लाची मर्जी, साहेब. तुम्ही आलात म्हणून अब्बा निदान घरात बुडाले नाहीत." मला त्या शब्दांची लाज वाटली. मर्जी वरच्याची असेल, चेकलिस्ट माझी होती.

निघताना भाभी दारापर्यंत आल्या. भिंतीवर पाण्याची रेघ अजून ओली दिसत होती.

"साहेब, एक विचारू? मी बरोबर केलं ना? तुम्ही सांगितलं तसंच केलं."

मला सांगता आलं असतं की चूक माझी होती. शब्द जिभेवर होते. पण ते बोललो असतो तर त्यांना कळलं असतं की बॅगेला हात लावला नसता तर अब्बा वाचले असते. मी म्हणालो, "हो भाभी. अगदी बरोबर केलंत."

खोटं बोललो. माझ्या सोयीचं की त्यांच्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी ट्रेनिंगची सुरुवात चादरीने करतो. तपासणीला गेलो की आतली खोली दाखवायला सांगतो. लोकांना राग येतो. परवा एका घरी बेड उघडायला सांगितला, तर बाई म्हणाल्या, "अहो, इमर्जन्सी आली की उघडूच ना! आता कशाला पसारा?" मी शेऱ्यात लिहिलं, 'बॅग हाताशी नाही'. त्यांच्या सासूबाई त्याच बेडवर झोपल्या होत्या.