पोचला

एखाद्याच्या पायाला भिंगरी असते. याच्या अंगभर होती, म्हणून लोकांनी सरळ माणसाचंच नाव भिंगरी ठेवून टाकलं. त्याच्या सलूनमधली खुर्ची चांगली फिरती होती, पण ती फिरवण्याएवढा धीर त्याला कुठला? गिऱ्हाईक जागेवर आणि हाच कात्री घेऊन भोवती. "तुझ्याकडे केस कापले की मला गाडी लागल्यासारखं होतं," असं चौकातला बेकरीवाला म्हणायचा, आणि तरी दर महिन्याला यायचा.

घरातही तीच तऱ्हा. चहा उभ्याने, पेपर येरझारा घालत, फोनवर बोलायचं तर जिन्यातून वर-खाली. बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकच्या जोरावर तिने अर्धं गाव रस्त्यावर आणलं होतं. "बाकी सगळे थांबायला शिकतात," ती म्हणायची, "एक नवराच तेवढा नापास."

रविवार मात्र त्याचा होता. रविवारी हौशी सायकलवाल्यांची टोळी निघायची आणि टोळीच्या पुढे हा. एकदा एका शर्यतीत तो चौथा आला होता, पण ती गोष्ट पहिला आल्यासारखी रंगवून सांगायचा. टोळीचा कायदा एकच. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने "खड्डा!" असं ओरडून हाताने बाजू दाखवायची. मागच्याने तोच शब्द आपल्या मागच्याला द्यायचा. असं करत तो शेवटच्या माणसापर्यंत, म्हणजे बेकरीवाल्यापर्यंत गेला की त्याने घसा ताणून ओरडायचं, "पोचला!" तेवढ्यावरून पुढच्याला कळायचं की शब्दही गेला आणि मागे माणसंही सगळी शाबूत आहेत. मागे वळून बघायची गरज नसायची.

ही सवय भिंगरीच्या अंगात इतकी मुरली होती की एकदा सासूबाईंना बाजारात नेताना तो भर रस्त्यात "खड्डा!" म्हणून गरजला. सासूबाई भाजीची पिशवी टाकून जागच्या जागी खाली बसल्या. त्यानंतर त्या जावयाबरोबर कुठे गेल्या नाहीत.

टोळीच्या वाढदिवसाला कुणीतरी सगळ्यांच्या आवडीनिवडी विचारल्या. भिंगरीला सांगायला उसंत नव्हती, पण सांगितल्या. आवडता रस्ता? धरणाकडचा, त्याला सिग्नल नाही. आवडता वारा? समोरचा, मागचा म्हणजे फुकटची मेहेरबानी. आवडतं खाणं? चालत्या सायकलवर खाता येईल ते. नावडती गोष्ट? पंक्चर, आणि पंक्चर काढताना सल्ले देणारे. आवडती जागा?

"पुढची," तो म्हणाला. "माझ्यापुढे कुणी असलं की मला रस्ता दिसत नाही, नुसती पाठ दिसते."

सगळे हसले. तो मात्र हे गमतीने बोलला नव्हता.

आणि मग तो धरणाचा उतार आला. रस्ता साफ होता, म्हणजे भिंगरीला तो साफ दिसला. त्याने शब्दच दिला नाही, म्हणून मागून "पोचला" आलं नाही, खडखडाट आला. मधले नशिबाने निसटले होते. बेकरीवाल्याचं चाक डाव्या कडेच्या खड्ड्यात गेलं आणि तो खांद्यावर आपटला. हाड मोडलं. पावाचं पीठ मळणारा हात गळ्यात अडकला.

"खड्ड्यात पाणी असणार," टोळी म्हणाली. "कुणालाच दिसला नसता." भिंगरीने ती सबब दोन्ही हातांनी घट्ट धरली. पण राहवतंय कुठे? दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो एकटा उतारावर जाऊन आला. खड्डा कोरडा ठणठणीत होता आणि परातीएवढा होता.

त्यानंतर त्याच्या येरझाऱ्यांना सुमार राहिला नाही. बेकरीवाल्याला एका हाताने दाढी जमेना, म्हणून तो सलूनमध्ये आला. भिंगरीने त्याची दाढी केली, कल्ले नीट केले, फडकं झटकलं. बेकरीवाल्याने आरशात मान इकडून तिकडे वळवली.

"अरे, डावा कल्ला राहिलाच की! हाड मोडलं ते मोडलं, आता तोंडही वाकडं दिसायला लागलं."

तो हसत होता. भिंगरीने पुन्हा वस्तरा उचलला.

घरी बायकोने त्याला पकडलं. त्याने चहाचा कप टेबलावर ठेवला होता, निदान त्याला तसं वाटलं होतं. कप डाव्या कडेवरून खाली गेला. या आठवड्यातला हा पहिला कप नव्हता.

"अहो, इकडे या. माझ्या नाकाकडे बघा. हलायचं नाही." तिने शिकाऊंशी बोलायचा आवाज लावला होता. "मी डावीकडून हात आणते. दिसला की सांगा."

तो बघत राहिला. एका जागी उभं राहायचं म्हणून पाय आधीच वळवळत होते.

"अगं, आण ना मग हात."

"हात केव्हाचा इथेच आहे हो," ती म्हणाली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली ती गेली. थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकेल. दुकान चालेल, मान वळवून काम करायचं. एकट्याने सायकल मात्र बंद.

"कुणाला कळणार आहे?" तो घरात गरागरा फिरत म्हणाला. "मी जरा उजवीकडून चालवीन. सावकाश."

"असे डोळे असलेल्या माणसाला मी गाडीवर बसवलं, तर तुम्ही मला काय म्हणाल?"

तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"तुमच्या सायकलचा ब्रेक काही माझ्या पायाखाली नाही," ती म्हणाली. "तो तुमचा तुम्हीच दाबायचाय."

रविवारी तो टोळीच्या ठिकाणी पायी गेला. हात गळ्यात अडकवून बेकरीवाला सगळ्यांना निरोप द्यायला आला होता. भिंगरी त्याच्यासमोर उभा राहिला.

"खड्डा कोरडा होता. मला दिसला नाही. डावीकडचं मला दिसतच नाही."

"केव्हापासून?"

"कळत होतं थोडं थोडं. बोललो असतो तर पुढची जागा गेली असती."

बेकरीवाल्याचा चेहरा उतरला. "आम्ही सगळे तुझ्या शब्दावर डोळे मिटून येत होतो रे," एवढंच तो म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला. टोळीही निघाली. भिंगरी कोपऱ्यावर एकटाच उभा राहिला. लांबून कुणा दुसऱ्याच माणसाच्या आवाजात "खड्डा" ऐकू आलं, मग "पोचला". आपली जागा इतकी पटकन भरली याचं त्याला भयंकर वाईट वाटलं.

पुढचे काही महिने घराचे हाल झाले. त्याने कपाटं हलवली, पुन्हा होती तिथे आणली. बायकोने शेवटी बेकरी गाठली. काय बोलली ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण हाड जुळल्यावर बेकरीवाला एक लांबलचक जुनी सायकल ढकलत दारात आला. दोन सीट, पायडलच्या दोन जोड्या, हँडल आणि ब्रेक मात्र पुढच्याकडेच.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला. "पण रागाला सायकल लागत नाही. तुला लागते."

"पुढे कोण बसणार?"

"मी," बायको ओढणी खोचत म्हणाली. "ब्रेक तिकडेच आहे ना?"

रविवारी ती दोघं रांगेत सगळ्यांत मागे लागली. भिंगरीसमोर बायकोची पाठ होती, नुसती पाठ. रस्ता औषधालाही दिसेना. हात शिवशिवत होते, जीभ तर फारच. "डावीकडे घे. आता जोर लाव. अगं, सावकाश!"

"मागच्याने शिकवायचं नाही," पाठ म्हणाली. "ते माझं काम आहे."

उताराला लागताच पुढून शब्द आला. खड्डा! खड्डा! बेकरीवाल्याने तो मागे दिला, आणि बायकोने डावा हात झटक्यात खाली करून आवाज चढवला, "खड्डा!"

सायकल अलगद उजवीकडे वळली. भिंगरीला काहीच दिसलं नाही, फक्त तिची पाठ वळलेली कळली. मग शांतता. रांग मंदावली. कुणीतरी काहीतरी म्हणायचं राहिलं होतं, आणि कोण झोपलंय म्हणून तो वैतागून वाट बघत होता.

"शेपटीला झोप लागली का?" पुढून बेकरीवाला ओरडला.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं त्याने हा शब्द नुसता ऐकला होता, म्हणायची वेळ कधी आली नव्हती. तो जोर करून ओरडला, "पोचला!"

रांगेने वेग घेतला. बायकोने मागे वळून पाहिलं नाही. गरजच नव्हती.